निळ्या बादलीतलं गंधक

“तीनदा धुतला बाई ह्यांचा शर्ट, तीनदा! लिंबू चोळलं, उन्हात टाकला, तरी मेला रबराचा वास काय जाता जात न्हाई.”

“मग नको धुऊस. त्याचा त्याला घालू दे तसाच.”

“तो घालतोय गं. पण कपाटात माझ्या साड्या हायत ना शेजारी! परवा साखरपुड्याला पैठणी काढली तर तिला टायरचा वास. नणंद म्हणती, वैनी, गाडीवर बसून आलीस का गाडीखालनं?”

दोघी खिदळल्या. भोसरीहून चाकणला जाणारी सकाळची बस ती. मोशीला चढलेल्या माणसाला बसायला जागा मिळाली तर त्यानं घरी जाऊन नारळ फोडावा, अशी तिची कीर्ती. विजयश्री दांडी धरून उभी होती आणि ह्या दोघी तिच्या पाठीला इतक्या चिकटून, की एकीच्या डब्याचं झाकण तिच्या कमरेत रुतत होतं. बोलणं तिच्यासाठी नव्हतं, पण ऐकू न येण्याची सोयही नव्हती. ती मनातल्या मनात हसली. हसणारच, तीही रबरवाल्याचीच बायको. लग्न होऊन मोशीत आली तेव्हापासून हेच गाऱ्हाणं तिनं जिन्यात, नळावर, गच्चीवर पापड वाळत घालताना शंभर जणींपाशी केलेलं. आता मागं वळून ह्या बाईला सांगावं, कपाटात कडुनिंबाचा पाला ठेव आणि नवऱ्याच्या कपड्यांची बादलीच वेगळी कर, आमच्याकडं निळी आहे, तिला दुसरं कोणी हात लावत नाही. सांगायला म्हणून तिनं मान वळवलीसुद्धा, आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून ती तिथंच थांबली. आमच्या कपाटाला वास येत नाही, असं तिच्या मनात आलं. कधीपासून येत नाही?

बस चिंबळी फाट्याच्या अलीकडं ट्रकांच्या रांगेत अडकली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं तशी बसमधली सगळी बोलणी एकदम मोठी झाली, आणि विजयश्रीला मात्र आपल्या आत कोणीतरी आवाज बारीक केल्यासारखं वाटलं. कालच तिनं नवऱ्याच्या, ज्योतीरामच्या शर्टाची घडी घातली होती. राखी रंगाचा, खिशावर कंपनीचं नाव शिवलेला. घडी घालून कॉलर सरळ करताना तोंडाजवळ आला होता शर्ट. त्याला साबणाचा वास होता, नुसता साबणाचा. परवाचा? तोही तसाच असणार. आणि निळ्या बादलीतलं पाणी? पूर्वी शर्ट भिजवले की पाणी पाटी पुसलेल्या फडक्यासारखं व्हायचं, तिनं हातानं ढवळलं की तळाशी काळी माती बसायची. आता किती दिवस ती बादली उपडी करताना तळाचा निळा रंग स्वच्छ दिसतोय. कारखान्याच्या लॅबमध्ये तेलात दहा लाखांत सात-आठ भाग गंधक असलं तरी जिच्या हातून सुटत नाही, त्याच कामाचा पगार जी घेते, तिला घरातल्या घरात सगळंच्या सगळं गंधक नाहीसं झालेलं कळू नये? नाक काय गहाण टाकलं होतं? की रोज कळत होतं आणि रोज ती ते बादलीतल्या पाण्याबरोबर मोरीत ओतून देत होती?

लग्नाच्या पहिल्या आठवड्यात तिला ह्या वासानं मळमळायचं. बार्शीची ती. ज्वारीचं कोठार, चिंचेचे ढीग, वडलांच्या दुकानातली हळद ह्यांचे वास अंगात मुरलेले. आणि हा माणूस दोन-दोनदा आंघोळ करून, अंगाला चंदनाचा साबण फासून यायचा, तरी मानेजवळ, कानामागं, नखांच्या कडांना तो वास असायचाच. पेटलेल्या काडीचा, गरम डांबराचा, कुठंतरी लांब काहीतरी करपल्याचा. एकदा तिनं धीर करून विचारलं, हा कसला वास हो? तर तो लाजला नाही, उलट खुलला. म्हणाला, “गंधक आहे ते. रबराला गंधक दिलं नाही तर ते च्युइंगमसारखं राहतं, उन्हात चिकट आणि थंडीत कडक. गंधक घालून प्रेसमध्ये भाजलं की त्याला कणा येतो. मग ते ताणलं तरी जागेवर परत येतं.” बी.एस्सी.ला असताना तिनं हे एका पानात पाठ करून सहा मार्क मिळवले होते. ते असं उशीवर येऊन भेटेल असं वाटलं नव्हतं. पुढं लेक, दीक्षा, शाळेत जायला लागल्यावर विजयश्रीनं बायोडिझेलच्या कारखान्यात लॅबमध्ये नोकरी धरली. पहिली दोन वर्षं नुसत्या बाटल्या विसळल्या, मग मशीनचं पुस्तक वाचून, सर्व्हिस इंजिनिअरला फोनवर पिडून पिडून गंधक मोजायला शिकली. तेव्हा ज्योतीराम जेवताना म्हणायचा, “काय जोडा जमवलाय बघा आपल्या आईनं. मी दिवसभर गंधक घालतो, ही दिवसभर काढते.” आणि ती म्हणायची, “तुमचं तुमच्याकडंच ठेवा, आमच्या तेलात पाठवू नका.” हे बोलणं शेवटचं कधी झालं, ते तिला काही केल्या आठवेना. आताशा तो भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलत नाही. ती त्याला समजूतदारपणा समजत होती.

कुरुळी फाट्याला उतरून आत चालत निघालं, की कारखान्याच्या आधी कारखान्याचा वास भेटतो, आणि तो बटाटेवड्याचा असतो. पिंपरीपासून राजगुरुनगरपर्यंतच्या हॉटेलांच्या, कॅन्टीनच्या, फरसाणवाल्यांच्या कढयांतून उरलेलं काळं तेल इथं येतं, धुतलं-गाळलं जातं आणि इंधन होऊन बाहेर पडतं. पण मूळ गुण विसरत नाही. जगात दुसरं कुठलं इंधन नसेल, जे भरताना ड्रायव्हरला भूक लागते. काल गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी. त्यामुळं आज लॅबमधल्या मशीनची भट्टी गार होती, वाटीही आळसावलेली. गंधक मोजायच्या मशीनला विजयश्री वाटीच म्हणते. लालभडक तापलेल्या काचेच्या नळीत सिरिंजनं थेंबाहूनही थोडकं तेल सोडायचं. ते भपकन जळतं, त्यातलं गंधक वायू होऊन पुढं वाटीत उतरतं. वाटीत व्हिनेगरसारख्या आंबूस वासाच्या पाण्यात आयोडीन असतं, असून नसल्यासारखं, इतकं फिकट. गंधक आलं की ते आयोडीन खातं. तेवढ्यानं वाटीची घडी बिघडते, आत बुडवलेल्या प्लॅटिनमच्या नखाएवढ्या पत्र्याला ते कळतं, आणि मशीन लगेच थोडी वीज सोडून खाल्लेलं आयोडीन पुन्हा तयार करतं, वाटी पहिल्यासारखी होईपर्यंत. भरून काढायला किती वीज लागली, त्यावरून गंधक किती होतं ते कळतं. बाकी काही नाही. गेलेलं भरून काढायचं, आणि भरून काढायला काय पडलं ते मुकाट्यानं मोजायचं. विजयश्रीला ही वाटी पहिल्यापासून आवडते. तिचं म्हणणं एकच असतं, मी होते तशी मला राहू द्या.

ती भट्टी तापायची वाट बघत स्टुलावर बसली. शालनबाई, लॅबची काचेची भांडी धुणारी, बेसिनपाशी उभी राहून स्वतःशीच बडबडत होती. सूनबाई, गॅस, गुडघा, असं काहीबाही. विजयश्री ऐकत होती आणि नव्हतीही. तिला खंडेनवमी आठवली. दरवर्षी त्या दिवशी ज्योतीरामच्या कंपनीत मशीनची पूजा असते आणि घरच्यांना बोलावणं असतं. वर्षातून तेवढाच दिवस आतलं बघायला मिळायचं. ज्योतीरामच्या प्रेसला झेंडूचा हार, वर हळदीकुंकू, समोर लिंबू. त्या काळ्या धुडाच्या अंगावर पिवळी फुलं अशी दिसायची जशी एखाद्या पैलवानाच्या गळ्यात तन्मणी. तो साहेबांच्या देखत दीक्षाला प्रेसजवळ उभी करून फोटो काढायचा. गेल्या खंडेनवमीला तो म्हणाला, “ह्या वर्षी फॅमिली नाही बोलवली. नवीन मॅनेजमेंट आहे.” आणि विजयश्रीनं विचारलं नव्हतं की नव्या मॅनेजमेंटला देवाचं काय वावडं. तिनं उलट म्हटलं, “बरं झालं, मला घरीच कामं आहेत.” दिवाळीत मिठाईचा पुडा आला तो दुसऱ्याच दुकानाचा, कंपनीचा कागद नसलेला. दीक्षानं तो उलटसुलट करून पाहिला आणि फ्रिजमध्ये ठेवला, आणि विजयश्रीच, तिनं स्वतः, कोणी न विचारता म्हटलं, “दुकान बदललं वाटतं कंपनीनं.” कुठल्या वकिलानं पढवलं होतं तिला हे? फार्मसी शिकणाऱ्या दीक्षानं मागं एकदा जेवताना विचारलं होतं, पप्पा, तुम्ही कधी पिंपळे सौदागरला जाता का हो, तिथल्या बागेत एकजण अगदी तुमच्यासारखा— आणि तिथंच तिला एकदम ठसका लागला होता. दोघं तिला पाणी द्यायला धावली होती. पाणी पिऊन झाल्यावर तो प्रश्न पुन्हा कोणी उचलला नव्हता. ठसका खरा होता का, हे आज इतक्या महिन्यांनी विजयश्रीच्या मनात आलं. आणि आत्या. सासूबाईंना दोन वर्षांपासून दिसत नाही, नुसता उजेड-अंधार कळतो. पूर्वी संध्याकाळी दार उघडलं की खाटेवरून हाक यायची, “आला गं माझा रबरवाला.” नाकानं ओळखायच्या. आता कडी वाजली की विचारतात, “कोण आलं?” विजयश्रीला वाटायचं, म्हातारीचं नाकही चाललं डोळ्यांच्या मागं.

“मॅडम, कुठं हरवलात? टँकर उभाय खाली.” दारात दिग्विजय. प्लान्ट मॅनेजर, वयानं दीक्षाच्या थोडाच पुढं, सदा घाईत, पण मनानं बरा. “सॅम्पल आणलंय बघा. पटकन मारा एक, सही करतो आणि सोडतो.”

“वाटी शांत होऊ दे. घाईनं मारलं तर आकडा तेलाचा नाही येत, घाईचा येतो.”

तो हसला आणि तिथंच उभा राहिला. तिनं आधी माहीत आकड्याचं तेल मारलं, ते बरोबर आलं. मग त्याच्या सॅम्पलनं सिरिंज भरली, नळीत सोडली. पडद्यावरची सरळ रेघ डोंगरासारखी वर चढली आणि उतरायचं नावच घेईना. चौदा. चालतात दहा, येतात सहा-सात, आणि आज चौदा. दिग्विजयचा चेहरा उतरला. “परत एकदा मारा ना, मॅडम. कधी कधी येतं असं.” तिनं परत मारलं. चौदा. तिसऱ्यांदा मारा, असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या सगळ्या अंगानं ते म्हटलं, आणि विजयश्रीला त्याची एकदम कीव आली. हे आपण ओळखतो. हवा तो आकडा येईपर्यंत मारत राहायचं. आपण तर महिनोन्‌महिने रोज एकदा मारलाय, घडी घालताना, आणि रोज हवा तोच आकडा लिहिलाय.

“दिग्विजय,” ती म्हणाली, “मशीनचं काही चुकत नाहीये. माहीत आकड्याचं तेल आत्ताच मारून पाहिलंय, बरोबर येतंय. ह्यात गंधक आहे. कुठनं आलं ते बघू या. हे सॅम्पल काढलं कुठनं?”

“कुठनं म्हणजे? टँकरला जातं त्या पाइपाच्या तोंडाशी. रोजच्यासारखं.”

“मग टाकीतनं वेगळं आणा. आणि रिॲक्टरकडचंही.”

तो गेला. ती वाटीकडं बघत राहिली. आत छोटी चुंबकाची कांडी गरगर फिरत होती, पाणी ढवळत, वर मात्र भोवऱ्याएवढासुद्धा खळगा नव्हता. घरात भरून काढणारे चौघं आणि मोजणारं कोणी नाही, असं तिच्या मनात आलं. ज्योतीराम सकाळी डबा घेऊन निघतो, ती त्याच्या डब्यात एक पोळी जास्त घालते, का घालते? दीक्षा फीचं बोलणं त्याच्या पुढ्यात काढत नाही. आत्या ‘कोण आलं’ म्हणतात. प्रत्येकजण थोडं थोडं आयोडीन घालतोय, वाटी दिसायला होती तशीच आहे. पण कोणीतरी मध्ये बसून मोजायला हवं होतं, की हे असं पहिल्यासारखं दिसायला रोज किती पडतंय. त्याला किती पडतंय! त्याचे गाल बसलेत. पट्ट्याला त्यानं नवीन भोक पाडलंय, खिळा तापवून, गॅलरीत बसून. तिनं ते पाहिलं होतं आणि वाटलं होतं, चांगलं आहे, शुगर ताब्यात राहील. बागेत बाकावर बसून डबा खात असेल तो. गणवेश घालून. कोणी ओळखीचं दिसलं तर तोंड फिरवत असेल. ही थंडी गेली, आता शिमगा झाला की ऊन तापेल, तेव्हा कुठं बसेल? बोलावं तर त्यानं जीव मुठीत धरून उभं केलेलं सगळं एका वाक्यात खाली येईल. न बोलावं तर हा माणूस रोज थोडा थोडा असाच धुऊन निघेल, बादलीच्या तळाशी काहीही न ठेवता. तिला वासाची इतकी आठवण आली, की ती उठून खिडकीपाशी गेली. बाहेर वड्यांचा वास होता.

टाकीतलं सात आलं, रिॲक्टरकडचं सहा. दिग्विजयनं हुश्श केलं आणि लगेच कपाळाला आठी घातली. “मग चौदा कुठनं?” दोघं खाली गेली. टँकर भरायच्या जागी काळा पाइप अजगरासारखा पडला होता. जुना तडकला म्हणून ठेकेदारानं बुधवारी हा नवा बसवून दिलेला. विजयश्रीनं वाकून हात लावला आणि तिच्या बोटांना आधी कळलं, डोक्याला नंतर. पाइप मऊ लागत होता, भिजत घातलेल्या खारकेसारखा फुगलेला. दाबला तर बोट उमटत होतं आणि हाताला काळं लागत होतं. बायोडिझेलला साधं रबर चालत नाही. ते त्यात शिरतं, त्याला सैल करतं, त्याच्यात असेल नसेल ते उतरवून घेतं. बुधवारी संध्याकाळी टँकर भरून झाल्यावर जेवढं तेल पाइपात राहिलं ते गुरुवारचा सबंध दिवस तिथंच पडून होतं, आणि त्याच तेलाचं सॅम्पल सकाळी वर आलं होतं. वाहतं होतं त्यात काही उतरलं नव्हतं. मुकाट पडून राहिलं त्यात सगळं उतरलं होतं. तिनं हात नाकाशी नेला. पेटलेली काडी, गरम डांबर, लांब कुठंतरी करपलेलं. तिनं पुन्हा एकदा हुंगलं, आणि कुठल्या तोंडानं सांगावं, बरं वाटलं. हरवलेलं पोर भलत्याच गल्लीत सापडावं तसं.

“बॅच चांगली आहे,” ती म्हणाली. “हा पाइप काढा. जुन्याचा तडकलेला भाग कापून तोच जोडा, आधीचं तेल बाजूला काढून मग भरा. मी परत मोजून देते.”

“वाचलो!” दिग्विजयनं ठेकेदाराच्या नावानं दोन शिव्या हासडल्या आणि मॅडमसमोर हासडल्या म्हणून जीभ चावली. “पण मॅडम, आत असे किती पाइप, किती वॉशर असतील काय माहीत. आपल्याला काय कळतंय रबरातलं, सगळं काळंच दिसतं. कोणीतरी येऊन सगळं एकदा बघायला पाहिजे. नंतरही लागेल, हे काम काय एका दिवसाचं नाही. आहे का कोणी तुमच्या ओळखीचं?”

विजयश्री पाइपाकडं बघत होती. “बघते,” ती म्हणाली. आणि मग, “ह्याचा एक तुकडा कापून द्या मला. वीतभर.”

परतीच्या बसमध्ये तिला जागा मिळाली. नारळ फोडायला हवा. दोन पिशव्यांत गुंडाळलेला तो तुकडा मांडीवर, डब्याच्या शेजारी. इंद्रायणीच्या पुलावर पाणी दिसलं तेव्हापासून ती मनात वाक्यं जुळवत होती. अहो, एक विचारू का? हे नको, ह्यानं माणूस आधीच सावध होतो. तुमच्या शर्टाला आताशा वास येत नाही हो. हे बरं आहे. ह्यात तक्रार नाही, नुसतं निरीक्षण आहे. पण आवाज कसा लावायचा? आत्यांसमोर नको, दीक्षासमोर तर नकोच. आमच्या दोन खोल्यांत ‘समोर नको’ असली जागा कुठली काढायची? गच्चीवर जावं, वाळवणाचं निमित्त करून. नाहीतर काही बोलूच नये, नुसता तुकडा हातात द्यावा. तिला स्वतःचं हसू आलं. वाटीसुद्धा तिच्यापेक्षा धीट. समोर येईल ते घेते, हाक मारून सांगते, एवढं एवढं आलंय.

घरी दीक्षा कोथिंबीर निवडत बसली होती आणि आत्या खाटेवर भिंतीला टेकून. चिमाबाई त्यांचं नाव, पण मोशीत आल्यापासून त्या सगळ्या मजल्याच्या आजी. विजयश्रीनं पिशवी ओट्याखाली ठेवली. रोजच्या वेळेला कडी वाजली.

“कोण आलं?” आत्यांनी विचारलं.

“मी, आये.”

“बरं.”

ज्योतीरामनं डबा ओट्यावर ठेवला, पुसलेला, स्वच्छ. हातपाय धुतले. चहा घेतला. “काय गं, दमलीस?” एवढंच विचारलं आणि टीव्हीकडं तोंड करून बसला, टीव्ही बंद असताना. विजयश्रीची सगळी वाक्यं इंद्रायणीत पडली होती. तिनं पिशवी काढली आणि त्याच्या पुढ्यात धरली. “हे बघा बरं जरा. आमच्याकडं नवीन बसवलाय, दोन दिवसांत फुगला. माझा आकडा चौदावर नेला मेल्यानं.”

त्यानं नुसतंच घ्यायचं म्हणून घेतलं. बाहेरची पिशवी सोडली, आतली सोडली, आणि त्याचा हात बदलला. दुसरा शब्द तिला सुचेना. सकाळी डबा घेणारा, रात्री पांघरूण ओढणारा तो हात गेला, आणि प्रेसला हार घालणारा हात आला. अंगठ्याचं नख रोवलं, सोडलं, खूण भरून येते का बघितलं. तुकडा उजेडाकडं धरला. ताणला. “विळी आण.”

“विळी? अहो, भाजी चिरते मी तिच्यावर!”

“घासून देतो नंतर. आण, दीक्षा.”

दीक्षानं आईकडं बघितलं आणि विळी आणून दिली. तो पाट ओढून बसला आणि एका झटक्यात त्यानं तुकडा उभा चिरला. “हे बघ, आतनं कसं पोळीसारखं सुटलंय. साधं नॅचरल आहे, वर गंधक सढळ हातानं घातलंय स्वस्तात काम उरकायला. पाण्याला चाललं असतं. तुमच्या तेलाला कसं टिकेल? कोणी दिलं हे?” त्याचा आवाज मोठा झाला होता. चिडलेला, चांगला चिडलेला, मीठ कमी पडल्यावर पूर्वी चिडायचा तसा. आणि चिरलेल्या पाइपातून वास सुटला. दोन खोल्यांच्या घराला कितीसा वेळ लागतो. कोथिंबिरीवरून, चहावरून तो खाटेपर्यंत गेला. विजयश्रीनं तो डोळे मिटून आत घेतला.

खाटेवर आत्या सरळ झाल्या. त्यांनी मान वर केली, इकडून तिकडं वळवली, उजेडाकडं नाही, वासाकडं, आणि त्यांचं सगळं तोंड उघडलं, लहान मुलाला जत्रेत उचलून घेतल्यावर उघडतं तसं.

“ज्योतीरामा,” त्या म्हणाल्या, “आज गेलतास व्हय रं कामाला?”

आज. दीक्षाच्या बोटांतली कोथिंबिरीची काडी तशीच राहिली. खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. म्हणजे म्हातारीला ठाऊक होतं. नाक शाबूत होतं, रोज संध्याकाळी ‘कोण आलं’ म्हणून ती ह्याला खरं सांगायला जागा करून देत होती, आणि हा रोज ‘मी’ म्हणत होता. विजयश्रीला वाटलं, आता कोणीतरी पाणी मागेल, कोणाला तरी ठसका लागेल. तिच्या जिभेवर आपोआप आलंही, अहो आत्या, काय बोलता, आणि ते तिनं दातांनी धरून ठेवलं. भरायचं नाही आज. आज आयोडीन घालायचं नाही. तिनं ज्योतीरामकडं बघितलं आणि नजर खाली घातली नाही. त्यानं आधी हातातल्या रबराकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग दीक्षाकडं. कोणाचा पाय लागू नये म्हणून विळी मिटून भिंतीशी सरकवली. काळे झालेले हात गुडघ्यांवर ठेवले.

“न्हाई, आये,” तो म्हणाला. “काम सुटलंय माझं. दसऱ्याच्या आधीच सुटलंय.”